पाचाडहून वर

रायगडावर जायचे ठरले तेव्हा मी गडावर कसा चढणार हा प्रश्न मला न विचारताच निकालात निघाला होता. आमच्या चिरंजीवांनी रोपवेची जाण्यायेण्याची पाच तिकिटे आधीच काढून ठेवली होती. "बाबा, तुमच्या गुडघ्यांना आता पायऱ्या झेपायच्या नाहीत," असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा हात हल्ली फार वेळा येतो. रस्ता ओलांडताना येतो, बँकेत येतो. डॉक्टर तर रक्तदाब माझा मोजतात आणि आकडा चिरंजीवांना सांगतात! सत्तरी उलटली की माणसाला ऐकूही येत नसावे, अशी त्यांची समजूत असावी.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे आम्ही पाचाडला पोचलो. मार्गशीर्षातली सकाळ होती. इथून रायगड अंगावर आल्यासारखा दिसतो. मंडळींना वर जायची घाई. पण पाचाड टाकून पुढे जाणे मला जमेना. जिजाबाईंचा वाडा इथलाच. आता उरली आहेत ती जोती, तटाचा थोडा भाग आणि विहीर. विहिरीच्या काठी बसायला घडीव दगडी तक्क्या आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. जवळच मासाहेबांची समाधी आहे.

गडावरची थंड हवा उतारवयात मानवेना म्हणून महाराजांनी मासाहेबांसाठी खाली हा वाडा बांधला, असे सांगतात. मीही लहानपणापासून हे ऐकत आलो आणि थकलेली, शाल पांघरलेली एक म्हातारी डोळ्यांपुढे आणत आलो. त्या तक्क्याला टेकून बसलो तेव्हा मात्र मनात आले, की खाली राहायचे हे ठरवले कुणी? जिजाबाईंचा जन्म 1598 चा. 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या, आणि तो सोहळा पाहून दोन आठवड्यांच्या आत, 17 जूनला, इथे पाचाडातच गेल्या. जिने पुण्याची जहागीर सांभाळली, आग्र्याच्या वेळी मागे राहून राज्याची काळजी वाहिली, तिला कुणी "आऊसाहेब, आता तुम्ही खालीच बरे" असे परस्पर सांगितले असेल, हे मला पटेना. त्यांनीच जागा पाहिली असेल, पाणी पाहिले असेल. अर्थात हा माझा तर्क. इतिहासकारांनी रागावू नये.

"मी पायऱ्यांनी येतो," मी उठून म्हणालो.

मग जे व्हायचे ते झाले. सूनबाईंना माझी गोळी आठवली, चिरंजीवांना त्यांच्या एका मित्राचे वडील आठवले. मदतीला आली ती नात. ती मानसशास्त्र शिकते. अमेरिकेत 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला होता, असे तिने सांगितले. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना आपापली कुंडी दिली आणि ती त्यांनीच सांभाळायची, खोली कशी लावायची तेही त्यांनीच ठरवायचे, असे सांगितले. दुसऱ्या मजल्यावरही कुंड्या दिल्या, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त उत्साही आणि हुशार दिसली.

"म्हणजे आता आजोबांना कुंडी द्यायची का?" चिरंजीव म्हणाले, पण हसले, आणि तिथेच मी सुटलो.

मंडळी हिरकणीवाडीकडे गेली. हा रोपवे 1996 पासून आहे; चार-पाच मिनिटांत माणूस वर. मी चित् दरवाजाच्या वाटेला लागलो. पायऱ्या दीड हजारांवर. पहिल्या शंभर मी अभिमानाने चढलो, पुढच्या मोजल्या नाहीत. खुबलढा बुरुजापलीकडे धाप लागली तेव्हा एका वळणावर ताक विकणारी बाई दिसली. डोईवर हंडा घेऊन ती माझ्या मागून येऊन पुढे गेली होती.

"आजी, या वयात रोज एवढे चढता?" मी कळवळून विचारले.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "आजी कुणाला म्हनता? माझ्यापरीस तुमीच थोर दिसता. बसा जरा."

तिला साठावे लागले होते. मला एकाहत्तर पूर्ण! मी मुकाट्याने दोन पेले ताक प्यालो. तिच्या खांद्यावर हात तेवढा ठेवायचा राहिला होता.

महादरवाजा अगदी पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत तो लपवला आहे. तिथे पुन्हा बसलो. एकूण अडीच तास लागले. गंगासागराच्या काठी मंडळी वाट पाहत होती. चिरंजीवांचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिले.

"छान," ती म्हणाली. "पण मला कुठे विचारलेत? मीही आले असते."

वाचकहो, बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मला उत्तर सुचले नाही. पाचाडला तक्क्याला टेकून मी एवढा विचार केला, पण शेजारी उभ्या असलेल्या हिला पायऱ्या चढायच्या असतील, हे मनाला शिवले नव्हते. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत हे मला ठाऊक असूनही.

जगदीश्वराचे आणि महाराजांच्या समाधीचे दर्शन झाल्यावर उतरायची वेळ आली. या खेपेस मी तिला विचारले.

"पायऱ्यांनी," ती म्हणाली. "तुम्ही?"

उतरताना गुडघे जास्त बोलतात. "पाळण्याने," मी म्हणालो.

ती आणि नात महादरवाजाकडे निघाल्या. मी रोपवेत बसलो आणि काचेला नाक लावून, झाडीत कुठे तिचे हिरवे पातळ दिसते का ते शोधत राहिलो. दिसले नाही. खाली पोचल्यावर दोन तास वाट पाहिली, आणि त्या दोन तासांत तीन वेळा चिरंजीवांना म्हणालो, "तिला एवढे झेपेल ना रे?"