उन्हाळी मुलखातला पातळ पंखा

संगणकात बसणाऱ्या पंख्याची जाडी सहसा २५ मिलिमीटर असते. व्यास तोच ठेवून जाडी १५ मिलिमीटरवर, क्वचित १२ वर आणली की तो पातळ पंखा होतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये या वाचलेल्या दहा मिलिमीटरना काही किंमत नाही; लहान संचात मात्र सगळा जमाखर्च त्यांच्यावरच चालतो. व्हीआयए या तैवानी कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला. त्याचे माप १७० × १७० मिलिमीटर. त्याभोवती बेतलेल्या डॅन ए४-एसएफएक्स या ७.२ लिटरच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर ४८ मिलिमीटर जागा मिळते. त्याहून लहान बोर्डाच्या असरॉक डेस्कमिनी ए३००मध्ये ती ४६ आहे. एवढ्यात हीटसिंक आणि पंखा दोन्ही बसवायचे. २५चा पंखा घेतला तर हीटसिंकच्या वाट्याला वीस-बावीस मिलिमीटर येतात, आणि त्यातूनही तांब्याचा तळ वजा जातो. म्हणून नॉक्टुआच्या एनएच-एल९ मालिकेत एकूण उंची ३७ मिलिमीटर आणि त्यातला पंखा अवघा १४ मिलिमीटरचा आहे.

पुढील विवेचनाला आधार आहे तो भंडारा शहरात खात रोडवरच्या एका घरात प्रस्तुत लेखकाने जोडलेल्या आणि रोजच्या वापरात असलेल्या संचाचा. रायझन ५ ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, सातेक लिटरचे कॅबिनेट, प्रोसेसरवर ९२ मिलिमीटरचा पातळ पंखा आणि छताला १२० मिलिमीटरचे दोन पातळ पंखे. जागा टेबलावरच, वापरणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर. हे अंतर महत्त्वाचे आहे. टेबलाखाली ठेवलेल्या डब्याचा आवाज खपून जातो, टेबलावरच्याचा जात नाही.

पातळ पंखा आवाज का करतो हे आधी समजून घ्यावे लागते. जाडी कमी म्हणजे पात्याची रुंदी कमी, पात्याला देता येणारा तिरपेपणा कमी, आणि मधल्या मोटरला मात्र जागा जवळपास तेवढीच. हवा ढकलण्याची कसर मग फेऱ्यांनी भरून काढावी लागते. हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या पटीत वाढते, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत, आणि आवाज त्याहून फार झपाट्याने: फेरे दुप्पट केले की साधारण १५ डेसिबलची भर पडते. दहा डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पंधराचा अर्थ कळतो.

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे एकाच व्यासाचे दोन पंखे शेजारी ठेवले की फरक आकड्यांत दिसतो. एनएफ-ए१२एक्स२५ हा पूर्ण जाडीचा पंखा मिनिटाला २००० फेऱ्यांवर तासाला १०२ घनमीटर हवा देतो. एनएफ-ए१२एक्स१५ हा पातळ भाऊ १८५० फेऱ्यांवर ९४ घनमीटर. हवेत फरक किरकोळ आहे. पण दाब पाहिला तर पहिल्याचा २.३४ मिलिमीटर पाण्याचा आणि दुसऱ्याचा १.५३, म्हणजे तब्बल एक तृतीयांशाने कमी. शिवाय पातळ पंखा कमी फेऱ्यांवर असूनही किंचित जास्त आवाज करतो. पातळ पंख्याची खरी कमजोरी ही आहे: मोकळ्यावर तो वारा भरपूर देतो, अडथळा समोर आला की दबतो. खोक्यावरचा हवेचा आकडा मोकळ्या हवेतला आणि दाबाचा आकडा पूर्ण कोंडलेल्या हवेतला असतो. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालते. डेसिबलचे आकडेही प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांची त्या आकड्यांवरून तुलना करण्यात अर्थ नसतो.

हवा किती लागते हे मांडून पाहण्यासारखे आहे. ६५ वॅटची उष्णता बाहेर काढायची आणि आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनी तापू द्यायची, तर तासाला २१ घनमीटर हवा पुरते. पातळ पंख्याच्या छापील आकड्याचा हा जेमतेम पाव भाग. तरीही अनेक संच तापतात, कारण ती हवा जाळीतून, हीटसिंकच्या दाट पात्यांतून आणि एसएमपीएसच्या केबलींच्या गुंत्यातून जायची असते. म्हणून पंखा घेताना हवेच्या आकड्यावर भुलण्यापेक्षा दाब पाहावा, आणि पंख्यावर खर्च वाढवण्याआधी केबली बांधून वाट मोकळी करावी. या दुसऱ्या कामाला पैसेही लागत नाहीत.

भंडाऱ्यात या हिशेबाला ऋतूची जोड द्यावी लागते. साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वैनगंगेच्या या काठावरही नवतपा काही वेगळा नसतो. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. भार पडल्यावर प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर जात असेल, तर जानेवारीत २० अंशांच्या खोलीत तो ६५ वर थांबतो आणि मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ वर पोचतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. त्यानंतर तो आपणहून वेग कमी करतो. पुणे-मुंबईत जमून जाणारी जोडणी इथे उन्हाळ्यात काठावर येते ती अशी. त्यात तापलेली हवा विरळही असते: ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी हलकी, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत तेवढी कमी उष्णता वाहून नेणारी.

पण याच उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू असतो, आणि शांत पंख्यांबद्दल लिहिणारे परदेशी लेखक ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत. पत्र्याचा मोठा कूलर खिडकीत घरघरत असताना संगणकाचा पंखा १८०० फेऱ्यांवर गेला काय आणि नाही गेला काय, ऐकू येत नाही. उलट डिसेंबरात रात्री अकरानंतर खोलीत चिटपाखरू नसते आणि तेव्हा हजार फेऱ्यांचा पंखाही खटकतो. पण तेव्हा हवाच थंड असल्याने त्या हजार फेऱ्यांची गरजही नसते. म्हणजे जास्त वेग हवा तेव्हा शांततेची अपेक्षा नाही, आणि शांतता हवी तेव्हा वेगाची गरज नाही. पातळ पंख्याचा मोठा दोष इथल्या हवामानाने निम्मा झाकून टाकला आहे. अडचण फक्त मधल्या दिवसांची: जुलै-ऑगस्टच्या दमट रात्री, कूलर बंद, छताचा पंखा मंद आणि खोली तिशीत.

यावरून निवडीची कसोटी बदलते. कमाल वेगावर पंखा किती शांत आहे यापेक्षा तो किमान किती फेऱ्यांवर स्थिर चालतो हे आधी पाहावे. चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखाच घ्यावा. त्यातली चौथी तार २५ किलोहर्ट्झच्या इशाऱ्याने वेग ठरवते आणि पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळत राहतात. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज उतरवून कमी करतात. तो एका पातळीखाली अडखळतो आणि बंद पडल्यावर पुन्हा सुरू व्हायला जोर मागतो. मंद वेगावर आणखी एक आवाज उघडा पडतो, मोटरची टिकटिक. वाऱ्याच्या सळसळीत ती दडलेली असते, ४०० फेऱ्यांवर दडत नाही. खोक्यावर ती कुठेही छापलेली नसते. शक्य असेल तर दुकानातच पंखा चालवून कानाशी धरावा, आणि मागवून घ्यायचा असेल तर परत करण्याची सोय पाहूनच मागवावा. भंडाऱ्यातल्या दुकानांत २५ मिलिमीटरचे पंखे सहज मिळतात. पातळ हवा असेल तर बहुधा मागवावाच लागतो.

बेअरिंगचा प्रश्न बसण्याच्या पद्धतीशी जोडलेला आहे. बसक्या हीटसिंकवर पंखा बोर्डाशी समांतर असतो. संच आडवा ठेवला की पंखाही आडवा चालतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगला हे मानवत नाही. त्यातले वंगण उन्हाळ्याने पातळ होऊन सरकते आणि वर्ष-दोन वर्षांत खरखर सुरू होते. आडव्या बैठकीसाठी फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंग घ्यावे. बॉल बेअरिंग उष्णतेला दणकट असते, पण मंद वेगावर त्याची बारीक गुरगुर जाणवते. शांततेसाठी पहिलेच बरे. आयुष्याचे छापील तास बहुतेक कंपन्या ४० अंशांना धरून सांगतात. इथल्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून गरमच असते, तेव्हा त्या तासांत थोडी काटछाट आपणच करावी.

बसवताना तीन मापे तपासतात. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांमधले अंतर १०५ मिलिमीटर असते, ९२च्या पंख्याचे ८२.५, जाडी बदलली तरी बहुधा हेच. नेहमीचे लांब स्क्रू पातळ चौकटीतून आरपार जाऊन पात्याला घासू शकतात, म्हणून पंख्यासोबत आलेलेच वापरावेत. तिसरे माप पंखा आणि कॅबिनेटची जाळी यांमधले. प्रोसेसरचा पंखा जाळीपासून १०-१५ मिलिमीटर आत राहिला, तर तो बाहेरची हवा ओढण्याऐवजी हीटसिंकमधून निघालेली तापलेली हवाच पुन्हा गिळतो. याची परीक्षा उदबत्तीने होते. वरील संचात बाजूच्या जाळीजवळ पेटती उदबत्ती धरली तेव्हा धुराची रेघ मधल्या भागात आत खेचली जात होती, पण जाळीच्या कडांशी तोच धूर बाहेर फेकला जाऊन वळून पुन्हा आत येत होता. फोमच्या पट्टीचे कडे कापून पंखा आणि जाळी यांमधली फट बुजवल्यावर कडांचा धूर सरळ बाहेर जाऊ लागला, आणि भाराखालचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले. काही रुपयांच्या फोमने जे साधले ते महागडा पंखा आणूनही साधले नसते.

उलट टोकाचीही काळजी घ्यावी. पाते जाळीला फार चिकटून फिरले तर प्रत्येक पाते प्रत्येक दांड्यासमोरून जाताना हवेला धक्का देते आणि एकसुरी हुंकार उमटतो. नऊ पात्यांचा पंखा १५०० फेऱ्यांवर असेल तर हा स्वर २२५ हर्ट्झचा. डेसिबलमध्ये तो मोठा दिसत नाही, पण सूर असल्यामुळे कान तो बरोबर हेरतो. ओढणाऱ्या बाजूला पाच मिलिमीटरची फट आणि तिच्याभोवती फोमचे कडे, हा मधला मार्ग.

कॅबिनेटच्या छतावरच्या दोन पंख्यांचे गणित वेगळे आहे. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र आले की आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि निम्म्या वेगावर प्रत्येकाचा १५ डेसिबलने घटतो. तेवढीच हवा एका पंख्याऐवजी दोघांकडून निम्म्या वेगात घेतली तर १२ डेसिबलची बचत होते. जागा असेल तर हा व्यवहार नेहमीच फायद्याचा. मात्र दोन्हींचे फेरे जवळजवळ सारखे, पण नेमके सारखे नसले की आवाज लाटांसारखा चढत-उतरत राहतो. हा चढउतार झोप उडवतो. एकाचा वेग मुद्दाम शंभरेक फेऱ्यांनी खाली ठेवला की तो जातो. एकाच पिनेवरून वाय केबलने दोन पंखे चालवले तर वेग वेगळे ठेवता येत नाहीत. बोर्डावर दोन जागा असतील तर दोन्ही वापराव्यात.

वेगाचा आलेख बायोसमध्ये आखतात आणि भंडाऱ्यासाठी तो दोनदा आखून साठवून ठेवणे सोयीचे. हिवाळी आलेखात ६० अंशांपर्यंत पंखा किमान वेगावर आणि त्यानंतर चढता. उन्हाळी आलेखात ५५ पासूनच चढण आणि ८०ला पूर्ण वेग. रायझन प्रोसेसरचे तापमान एखादे पान उघडतानाही क्षणात दहा अंश उसळते. बायोसमध्ये विलंबाची सोय असेल तर ती काही सेकंदांवर न्यावी, नाहीतर पंखा दिवसभर उसासे टाकत राहतो. एखादा आकडा अविश्वसनीय दिसला तर पंख्याआधी संवेदकावर शंका घ्यावी. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने नंतर तो संवेदकाचा बिघाड असल्याचे सांगितले. मदरबोर्डावरचे काही संवेदकही असेच कायम शंभरी गाठून बसलेले आढळतात.

उरते ती धूळ. धानाच्या या जिल्ह्यात मळणीच्या दिवसांत आणि राईस मिलांच्या आसपास हवेत बारीक तूस उडत असते. ते हलके आणि खरबरीत असल्याने जाळीवर थर धरते आणि कमी दाबाचा पातळ पंखा त्याने लगेच गुदमरतो. फार बारीक जाळी लावली तर ती स्वतःच अडथळा होते. मध्यम विणीची नायलॉन जाळी लावून ती वरचेवर झटकणे बरे. कूलरच्या थेट झोतात संच ठेवू नये. ओलसर हवेत तूस पात्यांना चिकटून पेंड बनते, आणि एका बाजूला जड झालेले पाते थरथरू लागते. ब्लोअरने साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला इजा होत नाही. खरखरणाऱ्या बंद बेअरिंगमध्ये तेल सोडून फार दिवस निभत नाही, पंखा बदलावाच लागतो. म्हणून बसका हीटसिंक घेतानाच त्याचा पंखा नेहमीच्या भोकांचा, सुटा मिळणारा आहे ना हे पाहून घ्यावे. काही हीटसिंकांवर कंपनीने आपल्याच मापाचा पंखा जडवलेला असतो, आणि तो गेला की सगळा हीटसिंकच नवा घ्यावा लागतो.