बारा व्हॉल्व्हचा थोरला

अमेरिकेत जुना डिझेल पिकअप घ्यायला निघालेला माणूस रंग-बॉडी नंतर बघतो, आधी बॉनेट उघडायला लावतो. फोर्डमधला पॉवर स्ट्रोक, जीएमचा ड्युरामॅक्स की डॉजमधला कमिन्स? माझं मत विचाराल तर कमिन्स, आणि तोही 1989 ते 1998 मधला, 5.9 लिटरचा, बारा व्हॉल्व्हचा.

दिसायला देखणा अजिबात नाही. बाकीचे दोघे व्ही-आठ, दाटीवाटीनं बसलेले; हा सहाही सिलिंडर एका ओळीत घेऊन पंगतीला बसल्यासारखा लांबलचक. सगळं अंग बिडाचं, वजन अर्ध्या टनाच्या घरात. सेल मारला की गाडी अंग झटकते आणि खडखडाट सुरू. ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी बर्गर मागवायचा तर याला आधी गप्प करावं लागतं.

मुळात याचा जन्म पिकअपसाठी नव्हताच. शेतीची आणि बांधकामाची यंत्रं हे त्याचं माहेर. डॉजनं त्याला घेतला तेव्हा ताकद अवघी 160 अश्वशक्ती, पण टॉर्क 400 पौंड-फूट, तोही दोन हजार फेऱ्यांच्या आत. पळायला सांगाल तर कुरकुरेल, ओढायला सांगाल तर ब्र काढणार नाही. पंप पुरता यांत्रिक, कॉम्प्युटरची भानगड नाही. एकदा सुरू झाला की डिझेल चालू ठेवणाऱ्या सोलेनॉइडपुरती वीज मिळाली तरी त्याचं भागतं.

खोड एकच, पण जीवघेणी. टायमिंगला पट्टा नाही, चेन नाही, थेट गिअर. आणि त्यांच्या शेजारीच पोलादाची एक लहानशी पिन. थरथरीनं ती सरकत सरकत बाहेर येते आणि गिअरांत पडली की केसिंग फुटलंच म्हणून समजा. मेकॅनिक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. उपाय काय, तर पत्र्याची एक पट्टी बोल्टखाली दाबून तिची वाट अडवायची!

पॉवर स्ट्रोक 7.3 हाही भला गडी. पण त्याच्या जागी 2003 मध्ये आलेल्या 6.0 नं हेड गॅस्केटपायी इतकं छळलं की फोर्ड आणि इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार कोर्टात गेल्या. 2001 चा ड्युरामॅक्स शांत, सभ्य. मात्र सुरुवातीच्या इंजिनांत इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरखाली. बदलायचे तर मजुरीच डोळे पांढरे करते.

पुणेकरांना कमिन्सची ओळख करून द्यायची गरज नाही. 1962 पासून, आधी किर्लोस्करांच्या जोडीनं, त्याचं बिऱ्हाड इथंच आहे. हाच 5.9 पुढे टाटांच्या ट्रकांतही बसला, म्हणजे हायवेवरच्या ढाब्यांनी त्याला भरपूर ऐकलंय.

थोरल्याभोवतीची गाडी मात्र त्याच्या लायकीची असेलच असं नाही. जुन्या डॉजचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स याच्या टॉर्कपुढे लवकर थकतो, म्हणून मॅन्युअल मिळाला तर सोडू नये. आणि पिनीचं काम झालंय, असं विकणारा छातीठोक सांगत असेल, तर बिल मागावं.