जावक आणि शिल्लक

आकडा उतरला म्हणजे बरे, अशी आम्हां सरकारी नोकरांची समजूत असते. प्रलंबित प्रकरणांचा तक्ता पाहणाऱ्यास दुसरे सुचणार तरी काय! परंतु मानवी देहात असाही एक आकडा आहे की जो उतरू लागला म्हणजे धास्ती वाटावी.

क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील विकर. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचा आकडा साधारणपणे दोनशेच्या आत असतो. डुशेन स्नायुक्षयात तो दहा-वीस हजारांवर जातो. ही वाढ १९५९ साली जपानात एबाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. स्नायुतंतूच्या आवरणाला आतून आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांत जवळजवळ नसतेच. त्यामुळे हालचालीगणिक आवरण फाटते व विकर रक्तात झिरपते. तंतू मरतो, नवा उगवतो. उगवण्याची शक्ती आटली की त्या जागी चरबी भरते.

लखनौस असताना शेजारच्या मराठी कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलात हे आम्ही पाहिले. पोटऱ्या पहिलवानासारख्या, पण उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत उठे. एसजीपीटी वाढलेले पाहून प्रथम यकृताचा विकार ठरला आणि बिचाऱ्याचे तूप वर्षभर बंद झाले. ते विकर स्नायूंतही असते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. पुढे खरे निदान झाले, तेव्हा कायनेजचा आकडा अठरा हजार होता.

त्यांची बदली झाली. पाच वर्षांनी वडिलांचे पत्र आले : मुलगा आता चाकांच्या खुर्चीत असतो, पण आकडा सहा हजारांवर आला, औषध लागू पडते आहे. पत्र वाचून आम्ही सुन्न झालो. रक्तातला आकडा ही जावक, शिल्लक नव्हे. भांडारच रिते होत आले म्हणजे जावक घटणारच.

उत्तरात आम्ही त्या आकड्याविषयी अवाक्षर काढले नाही. हृदय व श्वास यांची तपासणी नियमित व्हावी, एवढे लिहिले. आणि दीड वर्षाच्या धाकट्याविषयी लिहिले. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आई वाहक असल्यास प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका. आकडा जन्मापासूनच वाढलेला असतो, तेव्हा धाकट्याचे रक्त आजच तपासता येईल. आईची मात्र जनुकीय तपासणीच करावी. वाहक स्त्रियांत कायनेज पुष्कळदा सामान्यच निघते.