लेखक : जेराल्ड वायली

दूरचित्रवाणीसाठी प्रहसनं लिहायला लागलो त्याला यंदा २२ वर्षं झाली. नव्या लेखकांची कार्यशाळा घ्यायची असली की पहिल्या दिवशी मी एकच करतो. १९७६ सालचं एक ब्रिटिश प्रहसन पडद्यावर लावतो आणि गप्प बसतो.

हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यामागे बुटका दुकानदार, रॉनी कॉर्बेट. समोर थोराड अंगाचं गिऱ्हाईक, रॉनी बार्कर. गिऱ्हाइकाला हवे असतात 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागेत माती उकरायच्या काट्याचे दांडे. पण त्याच्या बोलीत 'ह' गळतो. 'ह' गेला की 'फोर्क'मधला 'क' सुटून पुढच्या शब्दाला चिकटतो. दुकानदाराला ऐकू येतं 'फोर कँडल्स' आणि तो इमानेइतबारे चार मेणबत्त्या आणून ठेवतो. मग गिऱ्हाईक 'ओ' मागतं. दुकानदार आधी कुदळ (हो) आणतो, मग पाण्याची नळी (होज), मग बायकांचे लांब मोजे (पँटीहोज). शेवटी कळतं की गिऱ्हाइकाला घराच्या फाटकावर लावायची 'ओ' ही अक्षरं हवी आहेत. दुकानदार शिडी चढतो, अक्षरांची पेटी खाली आणतो, परत वर ठेवून येतो, तर गिऱ्हाईक म्हणतं, 'पी' आहेत का? पुन्हा शिडी, पुन्हा पेटी. आणि त्याला हवे असतात डब्यातले वाटाणे, 'पीज'!

आपल्या तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या मुद्दाम चुकीचं ऐकतो. इथे कुणीच मुद्दाम काही करत नाही. दोघंही सरळ, दोघंही प्रामाणिक, म्हणूनच दुकानदाराचा चढत जाणारा पारा खरा वाटतो. कार्यशाळेतल्या मुलांना मला हेच दाखवायचं असतं. हसू आणायला कुणाला मूर्ख ठरवावं लागत नाही, कान तयार असावा लागतो.

या प्रहसनाच्या लेखकाचं नाव जेराल्ड वायली. आणि जेराल्ड वायली नावाचा माणूसच नव्हता.

१९६८च्या सुमारास डेव्हिड फ्रॉस्टच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बार्कर काम करत होता. तिथे वायलीच्या संहिता टपालाने येऊ लागल्या, बार्करच्या एजंटामार्फत. सगळ्यांना त्या आवडत. वायली म्हणजे नाटककार टॉम स्टॉपर्ड असणार, असाही तर्क चाले. कॉर्बेटने तर एका प्रहसनाचे हक्क विकत मागितले. वायलीकडून ३००० पौंडांची मागणी आली, कॉर्बेटने ती फार म्हणून नाकारली, मग हक्क फुकट मिळाले. अखेर वायलीने सर्वांना एका चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. मंडळी दाराकडे डोळे लावून बसली असताना बार्कर उभा राहिला आणि म्हणाला, वायली मीच.

कारण साधं होतं. नट मोठा म्हणून त्याचं लिखाण घेतलं जाऊ नये, कागदावर जे आहे त्यावरच ते ठरावं, असं त्याला वाटे. आमच्याकडे लेखक नावासाठी भांडतो, भांडायलाच हवं. एका वाहिनीने श्रेयनामावलीतून माझं नाव गाळलं तेव्हा मीही भांडलो. म्हणूनच घराघरांत ओळखल्या जाणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव आपणहून बाजूला ठेवावं, हे मला फार मोठं वाटतं. आता माझ्या कार्यशाळेत प्रत्येक संहिता आधी बिननावाची वाचली जाते.

बार्करचं बाकी चरित्र थोडक्यात सांगता येतं. जन्म १९२९, बेडफर्ड. बालपण ऑक्सफर्डला. काही काळ बँकेत कारकुनी, १९४८पासून नाटक कंपनी. कॉर्बेटबरोबरची मालिका 'द टू रॉनीज' १९७१ ते १९८७. 'पॉरिज' मालिकेतला तुरुंगातला फ्लेचर आणि 'ओपन ऑल अवर्स'मधला तोतरा वाणी ही इतरांनी लिहिलेली पात्रं, पण बार्करशिवाय त्यांची कल्पना करवत नाही. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने काम थांबवलं आणि चिपिंग नॉर्टन या गावात जुन्या वस्तूंचं दुकान उघडलं. प्रहसनातलं गिऱ्हाईक गल्ल्याच्या पलीकडे गेलं.

३ ऑक्टोबर २००५ रोजी बार्कर गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत स्मृतिप्रार्थना झाली. तिथे क्रूसासोबत दोन मेणबत्त्या नेण्याची रीत आहे. त्या दिवशी चार नेल्या.