रक्ताचा कौल

आमच्या खानापूर भागात आणि घाट उतरून खाली गोव्यात देवाला कौल लावण्याची जुनी रीत आहे. भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. विचारणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते : देव जे सांगतो ते माझ्यापुरते, माझ्या माणसापुरते सांगतो.

2021 च्या मे महिन्यात देवळांची दारे बंद होती. तेव्हा माणसांनी हाच कौल प्रयोगशाळेच्या कागदाला लावला. सीआरपी किती आला? डी-डायमर किती? फेरिटिन वाढले का? ज्या बायाबापड्यांनी आयुष्यात हे शब्द ऐकले नव्हते, त्या ते भाजीच्या भावासारखे बोलू लागल्या. मी तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले. त्यामुळे नात्यागोत्यातले असे सगळे कागद माझ्या फोनवर येऊन पडत.

या आकड्यांपैकी सीआरपीचा जन्मच न्यूमोनियाच्या खाटेपाशी झाला आहे. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे संशोधक न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेला 'सी' नावाचा अंश त्या रक्तद्रवात मिसळला की साका बसे; रोगी बरा झाला की तो बसेनासा होई. पुढे कळले, की हे प्रथिन यकृत तयार करते आणि त्याला तशी वर्दी देतो इंटरल्युकिन-6 नावाचा रेणू. म्हणजे सीआरपी हा रोग नव्हे, आगही नव्हे. आग लागल्यावर वाजणारी घंटा आहे. ती कोणत्या घरात लागली, हे घंटा सांगत नाही.

बाकीचेही तसेच. रक्तात झालेल्या गुठळ्या विरघळू लागल्या की त्यांचे जे तुकडे उरतात ते डी-डायमर. पेशी फुटल्या की त्यांच्यातून सांडते ते एलडीएच. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन. शरीरात दाह भडकला की तेही चढते. आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गंभीर कोविडात कमी होतात. वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या 191 रोग्यांचा अभ्यास मार्च 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यांतले 54 दगावले होते. दाखल होताना ज्यांचे डी-डायमर एक मायक्रोग्रॅमच्या वर होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका पुष्कळ जास्त दिसला. तिथून हा आकडा जगभर गेला आणि आमच्या गल्लीतही पोचला.

त्या मे महिन्यात आमच्या घरचे दोघे एकाच वेळी आजारी होते. थोरले बंधू दादा, वय 68, बेळगावात. आणि भाचजावई, वय 46, कोल्हापुरात. मध्ये कोगनोळीचा नाका, पलीकडे जायला तपासणीचा दाखला. त्यामुळे जाणे-येणे माणसांचे नव्हते, कागदांचेच होते. दादांचे डी-डायमर 2.3 आले, जावयांचे 410. घरात रडारड सुरू झाली. दोनशे पट जास्त!

मी सगळ्यांना कागदाचा उजवा कोपरा पाहायला सांगितले. एका प्रयोगशाळेने मायक्रोग्रॅममध्ये मोजले होते, दुसरीने नॅनोग्रॅममध्ये. 2.3 मायक्रोग्रॅम म्हणजे 2300 नॅनोग्रॅम. आणि त्या प्रयोगशाळेची मर्यादा 500 ची, म्हणजे 410 हा आकडा साधाच होता. सीमेवर राहणाऱ्याला हे नवे वाटू नये. आपल्याकडे 'अवसर' म्हणजे संधी, कानडीत 'अवसर' म्हणजे घाई. शब्द तोच, भाषा कोणती ते आधी विचारावे लागते. आकड्यालाही भाषा असते.

दादांच्या वॉर्डातले तरुण डॉक्टर कानडीच बोलत. रोज फोनवर त्यांचे एकच वाक्य : "अवसर माडब्याड्री." घाई करू नका, उद्याचा रिपोर्ट बघू. तेव्हा ती टाळाटाळ वाटे. पण त्यात शास्त्र होते. एका दिवसाचा आकडा म्हणजे एक ठिपका. दोन ठिपक्यांनी रेघ होते, तिसऱ्याने दिशा कळते. दादांचा सीआरपी 142 वरून 90 वर आणि पुढे 41 वर उतरला. कोल्हापुरात तो 38 होता. मग 96, मग 171. तेराव्या दिवशी पहाटे जावई गेले. दादा एकविसाव्या दिवशी घरी आले.

दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मीच वर्गात शिकवत असे. म्हणून मोठा हिशेब पाहावा. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या पस्तीस हजारांहून अधिक कोविड रोग्यांच्या नोंदींवरून एक गुणपत्रक तयार झाले. ते सप्टेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला 'फोर-सी' म्हणतात. एकूण गुण 21, आणि ते जितके जास्त तितका धोका जास्त. त्यांत वयाला 7 पर्यंत गुण आहेत. रक्ताच्या तपासण्या दोनच : युरियाला 3 पर्यंत आणि सीआरपीला फार तर 2. बाकी लिंग, जुने आजार, ऑक्सिजनची पातळी, शुद्ध आणि श्वासाची गती. मिनिटाला तीसपेक्षा कमी नसलेल्या श्वासांना 2 गुण. म्हणजे ज्या कागदाने आमच्या घरची झोप उडवली त्याचे वजन, आणि घड्याळ समोर ठेवून छातीचे श्वास मोजणाऱ्या सुनेच्या निरीक्षणाचे वजन, एकच आहे!

या गुणपत्रकात 15 किंवा अधिक गुण मिळालेल्यांपैकी शंभरात 62 दगावले. 3 किंवा कमी असलेल्यांपैकी शंभरात एक. वाचकहो, इथे थोडे थांबावे. 62 गेले म्हणजे 38 वाचले. तेही त्याच गुणांचे होते. आणि कमी गुणांच्या शंभरातला जो एक गेला, त्यालाही घर होते. शास्त्र शंभरांबद्दल बोलते, घर एकाबद्दल विचारते. देवाचा कौल आणि रक्ताचा कौल यांत फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

मग हे आकडे कशासाठी? भविष्य सांगण्यासाठी नव्हे, हात कुठे लावायचा ते ठरवण्यासाठी. ब्रिटनच्याच 'रिकव्हरी' चाचणीत ज्यांना ऑक्सिजन कमी पडत होता आणि ज्यांचा सीआरपी 75 किंवा अधिक होता, अशांना टोसिलिझुमॅब दिले गेले. नेहमीच्या उपचारांत शंभरात 35 जात होते, या औषधाने 31 गेले. शंभरात चार माणसे. ती निवडायला सीआरपीचा उपयोग झाला. पण तेच औषध इंटरल्युकिन-6 चे काम अडवते, तेव्हा नंतर सीआरपी उतरला तरी रोग उतरलाच असे म्हणता येत नाही. घंटेची दोरी कापली की ती वाजायची थांबते. आग विझली का, ते वेगळे पाहावे लागते.

याची दुसरी बाजू त्याच महिन्यात दिसली. ऑक्सिजन उत्तम, ताप साधा, आणि केवळ सीआरपी वाढला म्हणून घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना डेक्सामेथासोनचा फायदा नाही, हे 2020 सालीच दिसून आले होते. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही मे 2021 मध्ये सौम्य आजारात अशा तपासण्या करू नका म्हणून बजावले. साखर वाढलेल्या कित्येकांना पुढे काळ्या बुरशीने गाठले. कौल चुकीच्या माणसाला लावला, की तोही बाधतो.

गेल्या वर्षी भाची माहेरपणाला आली होती. नवऱ्याची फाईल तिने जपून ठेवली आहे. तिने विचारले, "मामा, पहिला रिपोर्ट चांगला होता ना?"

मी म्हणालो, "होता."

"मग आमच्याकडून काही राहिलं का?"

पोरगी तीन वर्षे हा प्रश्न उशाला घेऊन निजत होती. मी तिला शंभरातल्या त्या एकाची गोष्ट सांगितली. तो एक गेला म्हणून कागद खोटा ठरत नाही, आणि त्याच्या माणसांचीही चूक ठरत नाही. तिने फाईल मिटली, ट्रंकेत ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.