करमणूकनगरीचा बेत किती आखावा?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑरलँडो शहरानजीक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची एक करमणूकनगरीच वसली आहे. १९७१ साली तेथे पहिले उद्यान उघडले. १९८२, १९८९ व १९९८ साली आणखी तीन झाली. एकेका उद्यानास एक दिवसही अपुरा पडतो. तेव्हा मुलाबाळांसह जाणाऱ्या गृहस्थाने बेत आखूनच निघावे, हे उघड आहे. प्रश्न इतकाच, की तो किती आखावा?

आधी ठरवावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. तिकिटाची किंमत तारखेप्रमाणे बदलते, आणि तेथील शाळांच्या सुटीत गर्दीबरोबर तीही चढते. म्हणून प्रथम तारीख, मग मुक्काम. उपाहारगृहांतील जागा ६० दिवस आधीपासून राखून ठेवता येतात. काही खेळांस उंचीची अट असते. मुलाची उंची घरीच मोजावी, म्हणजे दारातून परत फिरण्याची निराशा टळते.

यापुढे मात्र लेखणी खाली ठेवावी. उन्हाळ्यात तेथे दुपारी वारंवार विजा कडाडतात व उघड्यावरील खेळ थांबवावे लागतात. शिवाय बालकांचे थकलेले पाय वेळापत्रक जाणीत नाहीत. केवळ ठरले म्हणून रडत्या मुलास ओढीत नेणे म्हणजे पैसे मोजून कष्ट विकत घेणे होय. सकाळी दार उघडताच दोन आवडते खेळ आणि दुपारी विसावा, एवढेच नेमून ठेवावे. संध्याकाळ मुलांच्या इच्छेवर सोडावी. इतका खर्च त्यांच्याच आनंदासाठी केलेला असतो.