काही सापडले का?

संध्याकाळ उतरली की हजरतगंजमध्ये माणसे नुसती चालायला येतात. खरेदी हे निमित्त. लखनौकरांनी ह्या चालण्याला ‘गंजिंग’ असे नावच देऊन टाकले आहे. त्या गर्दीत एक मराठी मास्तर रोज दिसतात. सारे आयुष्य त्यांनी भौतिकशास्त्र शिकवले. त्यांची मुलगी परदेशी कृष्णद्रव्याचा शोध घेते. दर रविवारी फोनवर ते एकच प्रश्न विचारतात, “काही सापडले का?” उत्तरही ठरलेले, “नाही, बाबा.”

विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसत नाही. त्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवते. त्याचे कण प्रोटॉनहूनही हलके असतील, तर त्यांचा धक्का फारच क्षीण असणार. भरलेल्या बैलगाडीवर फुटाणा आपटावा तसा. म्हणून सिलिकॉनचा किंवा जर्मेनियमचा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांशांपर्यंत थंड करतात. त्या थंडीत त्याची स्वतःची थरथर जवळजवळ निमते आणि एका धक्क्याने उठलेले कंपनही टिपता येते. वैश्विक किरणांचा गलबला टाळण्यासाठी भूगर्भ गाठावा लागतो. हजरतगंजच्या पोटातून २०१९ पासून मेट्रो धावते. पण तेवढी माती ह्या कामी पुरत नाही. कॅनडातील सडबरीची प्रयोगशाळा दोन किलोमीटर खडकाखाली आहे.

गंजपासून कैसरबाग जवळच. तेथे विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. तरुणपणी मास्तर कैसरबागेत तंबोरे ऐकत उभे राहत. राग पुढे, आधी तार. बेसूर कोठून येतो ते शोधताना प्रथम संशय आपल्याच वाद्यावर घ्यायचा, एवढे त्यांना तेथे उमगले होते.

इटलीतील क्रेस्ट प्रयोगात आरंभीच्या काळी असेच झाले. संकेत भराभर येत होते. शेवटी कळले, नीलमण्याच्या स्फटिकावर पकड फार घट्ट होती आणि त्याला सूक्ष्म तडे जात होते. आधारांचे कठीण टेकू बदलून मऊ केले, संकेत थांबले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोंदाने चिकटवलेला सिलिकॉन आणि तारांवर टांगलेला सिलिकॉन शेजारी ठेवून पाहिले. चिकटवलेल्यात कंपने पुष्कळ अधिक होती. ताण स्फटिकाच्या बांधणीतलाच होता.

ह्या रविवारी मुलगी आपण होऊन बोलली. दोन वर्षे जपलेला एक संकेत स्फटिकाचा आधार बदलताच नाहीसा झाला होता. “म्हणजे पुन्हा काहीच नाही, बाबा.”

एरवी मास्तरांनी तिला परत येण्याविषयी सुचवले असते; तशी वाक्ये त्यांच्याजवळ तयार होती. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आधार बदलून पाहायचे कोणाला सुचले?”

“मलाच.”

“मग आता नव्याने टांगलेल्यात काय ऐकू येते, ते सांग.”

ती सांगू लागली. मास्तर फुटपाथच्या कडेला, गर्दीला वाट देत, फोन कानाशी घट्ट धरून ऐकत उभे राहिले.